माशीने मासा धरण्याची विद्या



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर हा विषय छापलेला पाहून काही मित्रांनी मला विचारले, "तुम्ही कामगार चळवळीतले. बोनस, महागाईभत्ता, कंत्राटी कामगार हे विषय टाकून हे साहेबी मासेमारीचे खूळ कुठून काढलेत?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी आरंभीच देत नाही. विषय पुढे सरकेल तसे ते आपोआप मिळेल. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही ते युनियनच्या कचेरीत रात्री बसून वाचलेले. या विद्येतला मी उस्ताद नव्हे. पुस्तकांतून जे वाचले, हिमाचलात तीर्थन नदीकाठी उभे राहून जे पाहिले, आणि घरी शेगड्यावर बसून पाचपन्नास माश्या बांधताना बोटांना जे कळले, तेवढेच सांगणार आहे.

आपल्या भाषेत मासा आणि माशी यांत एका अक्षराचे अंतर आहे. तिकडे ब्रिटनमधल्या नद्यांवर या दोघांच्या नात्यावर एक संपूर्ण शास्त्र उभे राहिले. गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी न लावता, पिसे, लोकर आणि दोरा यांची खोटी माशी बांधायची, आणि ती पाण्यावर अशी टाकायची की ट्राउट नावाच्या चाणाक्ष माशाने तिला खरी समजून तोंडात घ्यावे, एवढाच हा सारा खटाटोप. पण या एवढ्याशा गोष्टीत प्राणिशास्त्र, प्रकाशाचे नियम, हाताचे कसब आणि माणसांचा इतिहास असे सगळे येते.

मासा आणि त्याचे पाणी

ट्राउट हा थंड, वाहत्या, स्वच्छ पाण्यातला मासा. त्याला प्राणवायू भरपूर लागतो, आणि पाणी जितके थंड तितका त्यात प्राणवायू अधिक विरघळतो. १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. २५ अंशांना तो ८ च्या आसपास येतो. पाणी २० अंशांच्या वर गेले की हा मासा अस्वस्थ होतो आणि २५ च्या सुमारास त्याच्या जिवावर बेतते. म्हणून आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांत तो नाही. हिंदुस्थानात तो आला तोही बाहेरून. काश्मीरमध्ये १८९९ साली विलायतेहून आणलेली अंडी वाटेत फुकट गेली. पुढच्या वर्षीचा प्रयत्न साधला आणि श्रीनगरजवळ हारवनला त्याची पैदास सुरू झाली. आज काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड आणि दक्षिणेत निलगिरी येथे तो आढळतो.

हा मासा प्रवाहाकडे तोंड करून एका जागी ठाण मांडून राहतो. एखाद्या दगडाच्या आडोशाला, जिथे पाण्याचा जोर कमी पण शेजारून अन्न वाहत येते, अशी जागा तो धरतो. थोडक्यात, कमी श्रमात अधिक मजुरी मिळेल अशी जागा तो निवडतो. त्याला त्यासाठी कोणी पुढारी लागत नाही. तोंड वर प्रवाहाकडे असल्याने त्याला पाठीमागचे दिसत नाही. म्हणून जाणता मासेमार खालच्या अंगाने, पाठीमागून, वाकून जवळ येतो.

वाकायचे का, याचे कारण प्रकाशाच्या नियमात आहे. पाण्याखालून वर पाहणाऱ्याला बाहेरचे सारे जग सुमारे ९७ अंशांच्या एका गोल झरोक्यातून दिसते. झरोक्याच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आतून आरशासारखा असतो. त्यात तळाचे प्रतिबिंब दिसते. मासा जितका खोल तितका हा झरोका मोठा. काठावरच्या ठेंगण्या वस्तू झरोक्याच्या कडेला चेपल्यासारख्या, अंधुक दिसतात. म्हणजे उभा माणूस माशाला दिसतो, आणि गुडघ्यावर बसलेला बहुधा दिसत नाही. पहिला धडा हा, की माशाला पाहण्याआधी माशाला आपण दिसता कामा नये.

खरी माशी

आता खऱ्या माशीकडे वळू. नदीतल्या दगडाखाली किड्यांची एक मोठी वस्ती असते. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध कीटक म्हणजे मेफ्लाय. तिचे बहुतेक सारे आयुष्य पाण्याखाली पिल्लाच्या रूपात जाते. या अवस्थेला निम्फ म्हणतात. पुष्कळ जाती या रूपात सुमारे वर्षभर राहतात, काही मोठ्या जाती दोन वर्षे. मग एके दिवशी निम्फ पृष्ठभागाशी येते, कात फुटते, आणि अंधुक पंखांची माशी पाण्यावर बसून पंख वाळवीत वाहत जाते. ती उडून काठच्या झुडपावर जाते आणि तिथे आणखी एकदा कात टाकते. पंख फुटल्यावर पुन्हा कात टाकणारा हा एकच कीटकवर्ग आहे. दुसऱ्या कातीनंतर तिचे पंख काचेसारखे स्वच्छ होतात. या अवस्थेत तिला उपयोगी तोंड नसते. ती काही खात नाही. काही तास, फार तर काही दिवस जगते, आकाशात नाचते, जोडीदार शोधते, पाण्यावर अंडी घालते आणि मरून त्याच पाण्यावर पडते.

ट्राउटला या चारही प्रसंगी जेवण मिळते: तळाशी निम्फ, वर येणारी निम्फ, पाण्यावर तरंगणारी ताजी माशी, आणि शेवटी पंख पसरून पडलेली मृत माशी. मेफ्लायशिवाय कॅडिस असते, जिचे पिल्लू वाळूचे कण नाहीतर काटक्या चिकटवून स्वतःभोवती घर बांधते. आणि दगडमाशी असते, जिला अत्यंत स्वच्छ पाणी लागते. मासा यांपैकी ज्या घडीला जे खात असेल त्याच रूपाची, त्याच आकाराची खोटी माशी हवी. पुष्कळदा त्याच्यापुढून दुसरे चांगले अन्न वाहत गेले तरी तो ढुंकून पाहत नाही.

पुस्तके आणि पंथ

ही युक्ती जुनी आहे. इसवी सन २०० च्या सुमारास ईलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या लोकांची हकीगत लिहून ठेवली आहे. ते गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळीत आणि तिला कोंबड्याची दोन पिसे लावीत. इंग्लंडात १४९६ साली छापलेल्या गळाच्या मासेमारीवरील ग्रंथात बारा माश्यांची कृती दिलेली आहे. १६५३ साली आयझॅक वॉल्टनचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. हा वॉल्टन लंडनमधला दुकानदार होता. १६७६ च्या आवृत्तीत त्याचा मित्र चार्ल्स कॉटन याने माशीच्या मासेमारीचा भाग जोडला.

पुढे १९व्या शतकात यात दोन पंथ पडले. दक्षिण इंग्लंडात चुनखडीच्या जमिनीतून झरणाऱ्या संथ, काचेसारख्या नद्या आहेत. तिथले पाणी श्रीमंतांच्या क्लबांच्या ताब्यात. फ्रेडरिक हाल्फोर्ड याने १८८६ साली तरंगत्या माश्यांवर ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या अनुयायांनी त्याचा धर्मच केला: मासा वर आलेला दिसला पाहिजे, माशी तरंगती पाहिजे, प्रवाहाच्या वरच्या दिशेनेच टाकली पाहिजे, बाकी सारे निषिद्ध. या धर्माला जी. ई. एम. स्क्यूज नावाच्या वकिलाने प्रश्न विचारला. तो पकडलेल्या माशाच्या पोटातले अन्न चमच्याने काढून पांढऱ्या बशीत पाण्यात सोडून पाही. पुष्कळदा बशीत तरंगत्या माश्या थोड्या आणि निम्फ अधिक निघत. १९१० साली त्याने हे पुस्तकात मांडले. क्लबांतल्या मंडळींना ते रुचले नाही. १९३८ साली लंडनला यावर जाहीर वाद झाला. मला यातली बशी आवडते. पोथीत काय लिहिले आहे यापेक्षा पोटात काय सापडते, हे पाहणारा माणूस कोणत्याही चळवळीत असावा.

दोरी कशी फेकावी

साध्या गळाला शिसे बांधलेले असते. ते फेकले की मागून दोरी जाते. इथे उलटे आहे. माशीला वजन नाही. कापसाचा बोळा जोराने फेकून पाहा, तो पायाशी पडतो. म्हणून इथे फेकायची ती दोरी. माशी तिच्यामागे जाते. यासाठी दोरी जाड आणि वजनदार असते. मध्यम प्रकारची, म्हणजे पाच नंबरची दोरी घेतली तर तिच्या पहिल्या ३० फुटांचे वजन १४० ग्रेन, सुमारे ९ ग्रॅम असते. पूर्वी ती घोड्याच्या केसांची, नंतर तेल पाजलेल्या रेशमाची असे. आता प्लास्टिकचा लेप दिलेली असते. तिच्या टोकाला निमुळता होत गेलेला, सुमारे नऊ फुटांचा पारदर्शक नायलॉनचा धागा, आणि त्याला माशी. काठी पूर्वी सहा पट्ट्या जोडलेल्या चिनी बांबूची असे. हल्ली बहुधा कार्बन तंतूची असते.

काठी ही स्प्रिंग आहे असे समजा. दोरीच्या वजनाने ती वाकते आणि सुटताना ती शक्ती दोरीला देते. घड्याळाच्या भाषेत सांगायचे तर काठी समोर दहावर आणि मागे एकवर, एवढ्याच टप्प्यात हलवायची. हळू सुरुवात, वेग वाढवत नेणे, आणि एकदम थांबणे. काठी थांबते, दोरी थांबत नाही. ती वळसा उलगडीत मागे जाते. इथे शिकाऊ माणसाचा धीर सुटतो. दोरी मागे पुरती सरळ होण्याआधीच तो काठी पुढे ओढतो. मग चाबकासारखा आवाज होतो आणि माशी तुटून जाते. मागे थांबणे हेच या विद्येतले अवघड काम. जोर लावणारा हरतो, वेळ ओळखणारा जिंकतो. वाटाघाटीच्या टेबलावर बसलेल्यांना हे निराळे सांगायला नको. सराव नदीवर नव्हे, मैदानात गवतावर करावा. माशीच्या जागी लोकरीचा तुकडा बांधावा आणि वीस फुटांवर ठेवलेल्या थाळीत तो पाडण्याचा प्रयत्न करावा.

माशी पाण्यावर पडली म्हणजे काम संपले असे नाही. मधला प्रवाह वेगवान, कडेचा संथ. मधल्या प्रवाहाने दोरीला पोट येते आणि ती माशीला फरफटत नेते. खरी माशी कधी अशी ओढली जात नाही. मासा हे एका क्षणात ओळखतो. म्हणून पोट येण्याआधीच काठीच्या हलक्या झोक्याने दोरीचा मधला भाग उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकायचा. माशी पाण्याच्याच गतीने वाहिली पाहिजे. आणि माशाने ती घेतली तर लगेच, पण हलक्या हाताने, काठी उचलायची. खोटे आहे हे कळायला त्याला क्षणभर पुरतो.

माशी बांधण्याची कृती

आता हाताचे काम. सामान फार लागत नाही: गळ घट्ट धरणारा एक लहान शेगडा, दोऱ्याचे रीळ धरणारी नळी, धारदार कात्री, एक दाभण, थोडे मेण. तरंगत्या माशीला कोंबड्याच्या मानेचे लांब, ताठ, चकचकीत पीस लागते. ते गळाभोवती आडवे गुंडाळले की त्याचे तंतू चहूबाजूंनी उभे राहतात. त्या शेकडो टोकांवर माशी पाण्याच्या ताणलेल्या पृष्ठभागावर उभी राहते. बुडणाऱ्या माशीला उलट मऊ, पाणी पिणारे पीस हवे: तित्तिराचे, नाहीतर कोंबडीचे. अंगासाठी सशाच्या कानाची लव, मोराच्या पिसाचे तंतू, रेशीम.

एक पूर्ण कृती सांगतो. ती फ्रँक सॉयर या माणसाची आहे. सॉयर हा क्लबाचा सभासद नव्हता. इंग्लंडात एव्हन नदीवर १९२८ पासून नोकरी करणारा नदीराखा होता. गवत कापणे, गाळ काढणे, किनारा सांभाळणे हे त्याचे काम. ते करताना वर्षानुवर्षे त्याने निम्फ न्याहाळल्या. त्याला दिसले की पोहणारी निम्फ पाय अंगाशी दुमडून घेते. म्हणून त्याने आपल्या माशीला पाय लावलेच नाहीत. दोराही काढून टाकला आणि त्याच्या जागी केसासारखी तांब्याची तार घेतली. तारेने बांधणीही होते, वजनही येते, आणि ओल्या अंगातून तांबूस झाकही मारते.

१४ किंवा १६ नंबरचा बारीक गळ शेगड्यात बसवा. त्यावर तारेचा एक थर द्या आणि पुढच्या भागात, छातीच्या जागी, तारेचे काही जादा वेढे देऊन उंचवटा करा. फेझंट पक्ष्याच्या नराच्या शेपटीचे चार तांबूस तंतू घ्या. त्यांची टोके गळाच्या वाकणापाशी शेपटीसारखी बाहेर ठेवून तारेने बांधा. मग तेच तंतू तारेबरोबर पिळून पुढे डोळ्यापर्यंत गुंडाळीत न्या. तिथे तार तंतूंपासून सोडवा, तंतू उंचवट्यावरून मागे दुमडा, बांधा. पुन्हा पुढे आणा, बांधा. हे झाले पंखांचे कोश. उरलेले तंतू कापा, तारेचे दोनतीन फास देऊन संपवा. दोनच पदार्थ, आणि पाचसात मिनिटांचे काम. १९५८ साली सॉयरने निम्फवर पुस्तक लिहिले. आज ही माशी जगभरच्या नद्यांवर वापरली जाते. शाळेच्या नव्हे, नदीच्या अभ्यासाने ती झाली.

शिकण्याची रीतही सांगतो. स्कॉटलंडमध्ये मेगन बॉइड (१९१५–२००१) म्हणून एक बाई सामन माशासाठी माश्या बांधीत. त्यांच्या गुरूने त्यांना तयार माशी दिली, ती उसवायला लावली, आणि तेच सामान वापरून अधिक लहान गळावर पुन्हा बांधायला लावली. उसवल्याशिवाय बांधणी कळत नाही. या बाईंचे काम इतके नामांकित झाले की १९७१ साली त्यांना सरकारी पदक मिळाले. त्या स्वतः मात्र मासे पकडीत नसत.

गळामागचा माणूस

इथे मी माझ्या मूळ धंद्यावर येतो. हा खेळ साहेबांचा म्हणतात. पण साहेबाच्या हातातला गळ कोणी केला? इंग्लंडात रेडिच नावाचे गाव सुया आणि गळ करण्यासाठी प्रसिद्ध होते. १९व्या शतकात जगातल्या सुयांचा फार मोठा भाग तिथून जाई. सुईला टोक काढणारे कारागीर कोरड्या दगडावर तार घासत. दगडाची आणि पोलादाची धूळ छातीत जाई, आणि त्यांतले पुष्कळ ऐन तारुण्यात मरत. त्या धोक्यामुळे त्यांना मजुरी चढी मिळे. पुढे धूळ ओढून घेणारे पंखे निघाले. तेव्हा त्या कारागिरांनीच त्यांना विरोध केला, कारण धोका गेला तर मजुरीही जाईल अशी धास्ती! यात त्यांना मूर्ख म्हणणे सोपे आहे. ज्याला जगण्याची किंमत मरणाच्या भावात मिळते, त्याला दुसरा हिशेब दिसणार कसा? पंखाही मिळेल आणि मजुरीही कायम राहील, असे एकजुटीने मागायला शिकणे हेच संघटनेचे काम. आजही केनिया, श्रीलंका, थायलंड येथे कारखान्यांत हाताने माश्या बांधल्या जातात आणि दूरदेशीच्या दुकानांत विकल्या जातात. ते काम अजून कोणत्याही यंत्राला नीट साधलेले नाही.

दुसरी गोष्ट फुरसतीची. ब्रिटनमध्ये १८५० च्या कारखाना कायद्याने स्त्रिया आणि तरुण कामगार यांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबू लागले, आणि हळूहळू अर्धा शनिवार सर्वांच्या पदरात पडला. त्या अर्ध्या दिवसातून शेफील्डसारख्या पोलादी शहरांत कामगारांची मासेमार मंडळे भरभराटली. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. सुटी म्हणजे उद्याच्या पाळीसाठी दम घेणे एवढेच नव्हे. सुटी म्हणजे माणसाने आपल्या आवडीने काही शिकणे. हे मला साहेबी वाटत नाही.

नदीची साक्ष

तिसरी आणि शेवटची गोष्ट पाण्याची. इंग्लंडात डर्बी येथील मासेमारांच्या एका मंडळाने डरवेंट नदीत मासेमारीचा हक्क मिळवला होता. कृत्रिम रेशमाच्या कारखान्याचे सांडपाणी, नगरपालिकेची घाण आणि वीजकेंद्राचे गरम पाणी यांनी तिथले मासे मेले. मंडळाने १९५२ साली कोर्टात या तिघांविरुद्ध मनाई हुकूम मिळवला, आणि वरच्या कोर्टातही तो टिकला. त्यांच्या पाठीशी १९४८ साली प्रदूषणाविरुद्ध लढण्यासाठीच स्थापन झालेली मासेमारांची संस्था होती. एक कंपनी, एक नगरपालिका आणि एक सरकारी मंडळ, आणि समोर सुटीच्या दिवशी गळ टाकणारी माणसे!

नदी बिघडते तेव्हा मासा मरण्याआधी माशी नाहीशी होते. दगडमाशी आधी जाते, मेफ्लायच्या नाजूक जाती मागून. म्हणून आज ब्रिटनमध्ये मासेमार मंडळांचे स्वयंसेवक महिन्यातून एकदा नदीत उतरतात, तीन मिनिटे पायाने तळ ढवळून जाळीत आलेले किडे पांढऱ्या तबकात मोजतात, आणि आकडा ठरल्यापेक्षा खाली गेला की अधिकाऱ्यांना कळवतात. स्क्यूजची बशी ती हीच.

आपल्या नद्यांत ट्राउट नाही, पण खडस आहे, आणि सह्याद्रीच्या ओढ्यांत दगडाखाली मेफ्लाय आणि कॅडिसची पिल्ले आहेत. तुम्ही सगळ्यांनी काठ्या घेऊन नदीवर जावे असा माझा आग्रह नाही. पण सुटीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन गावाच्या वरच्या अंगाला जा, पाण्यातला एक दगड उचलून उलटा करून पाहा आणि किडे मोजा. मग गावाच्या खालच्या अंगाला, गटारे आणि कारखान्यांच्या नाल्यांच्या पुढे, तसाच एक दगड उचला. दोन्ही आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवा आणि दर महिन्याला पुन्हा जा. वर्षभराची अशी वही हातात असली, की नगरपालिकेच्या दारात बोलायला भाषणाची गरज पडत नाही.